मिरचीच्या रोपांवरचा उजेड

मी एक जुनी ट्यूबलाइट आहे, हे ऐकून तुमच्यातले काही जण हसले असतील. ज्याच्या डोक्यात गोष्ट उशिरा शिरते त्याला तुम्ही माझं नाव ठेवता, हे मला ठाऊक आहे. मित्रांनो, पेटायला मला वेळ लागतो हे खरं. पण एकदा पेटले की माझ्या नजरेतून काही सुटत नाही. उलट नको तेवढं दिसतं.

माझं अंग पत्र्याचं. पोटात चोक, कडेला स्टार्टर. काचेच्या नळ्या कितीतरी आल्या आणि टोकांना काळ्या पडून गेल्या; मी मात्र तीच राहिले. कारखान्यातून निघाले ती थेट एका शिंप्याच्या दुकानात आले. त्यांना सगळे मास्तर म्हणत. कापायच्या टेबलावर, बरोबर कात्रीच्या वर, त्यांनी मला दोन दोऱ्यांनी टांगलं.

संशय म्हणजे काय ते मी त्या दुकानातच शिकले. गिऱ्हाइकांचा पहिला संशय माझ्यावर. कापडाचा रंग माझ्या उजेडात पाहिला तरी त्यांचं समाधान होत नसे. कापड दाराबाहेर नेऊन पुन्हा बघत. मास्तरांचा संशय गिऱ्हाइकांवर. माप घेताना माणूस पोट आत ओढून उभा राहतो अशी त्यांची पक्की खात्री होती, म्हणून गप्पा मारता मारता ते कमरेचं माप पुन्हा एकदा घेत.

ज्यांचा कुणावरच संशय नव्हता, अशा एकट्या काकू. काकू म्हणजे मास्तरांची बायको. कोपऱ्यात बसून त्या काजे करायच्या, बटणं लावायच्या. दुकानाच्या दाराशी त्यांची मिरचीची कुंडी असे. बटव्याचं तोंड ओढून घ्यावं तशी चुणीदार, बुटकी मिरची; खोडाच्या गाठीशी जांभळी कड. बी त्यांनी माहेरून आणलेलं, आणि आता ते माहेरीही कुणाकडे उरलं नव्हतं. आमच्याकडे थंडी लांबते आणि उबेचे दिवस थोडे. मिरचीला तर फळ धरायला फार वेळ लागतो. म्हणून बाहेर अजून कडाका असतानाच काकू घरात बी रुजवायला घ्यायच्या. ओल्या चिंधीत बी गुंडाळून ते डबीत घालायच्या आणि डबी माझ्या पाठीवर, चोकच्या उबेला ठेवायच्या. पांढरं मूळ डोकावलं की बी मातीत, आणि माती माझ्या उजेडाखाली. कुणी रोपांचं कौतुक केलं की त्या माझ्याकडे बोट दाखवून म्हणायच्या, “मी नुसतं लावते. वाढवते ही.” एवढं कौतुक मला नंतर कुणी केलं नाही.

पुढे मास्तरांची नजर अधू झाली आणि दुकान बंद झालं. कापायचं टेबल, माप घ्यायच्या जागेचा जाड पडदा आणि मी, असे आम्ही घरच्या अडगळीच्या खोलीत येऊन पडलो. माझ्यावर धूळ साचली, एका टोकाला कोळ्याने घर केलं. पानं गळायच्या सुमारास काकू आजारी पडल्या. त्या दवाखान्यातून घरी परत आल्या नाहीत.

थंडी ऐन भरात आली तेव्हा मास्तरांनी येऊन मला पुसलं आणि टेबलावर टांगलं. काकूंच्या शेवटच्या वाळल्या मिरच्यांमधलं बी त्यांनी ट्रेमध्ये पेरलं, उरलेलं काकूंच्या डबीत ठेवलं. खिडकीच्या फटीतून गार वारा येतो म्हणून खिडकीला कागद चिकटवला. ट्रेवर प्लास्टिक ताणलं. सकाळी पाणी, दुपारी पाणी, संध्याकाळी पाणी. बी रुजलं, इवली पानं उघडली, आणि मास्तर पहिल्यांदाच थोडे हसले.

घरात दुसरं माणूस म्हणजे त्यांची सून. मुलगा कामासाठी दूर देशी असायचा. सून बेकरीत कामाला होती. पहाटे जायची आणि दुपारी परत यायची. त्याच वेळी मास्तर ओळखीच्या सलूनवाल्याकडे गप्पा मारायला जात. दोघं एका घरात राहत होते, पण काकू गेल्यापासून त्यांचं बोलणं चहा आणि औषध एवढ्यावरच आलं होतं.

एके दिवशी मास्तर परत आले आणि त्यांनी सवयीने माझ्या अंगाला हात लावला. मी पेटलेली होते, पण गार होते. दिवसभर जळलेला दिवा असा गार नसतो. त्यांच्या मनात पाल चुकचुकली. दुसऱ्या दिवशीही तेच. मला कारण माहीत होतं, पण अर्धंच. दुपारी सून आत यायची आणि पहिलं काम म्हणजे माझं बटण बंद करायची. विझल्यावर मला दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. ट्रे सरकवल्याचा आवाज, कागद फाडल्यासारखी खसखस, खिडकीची कडी. मग बऱ्याच वेळाने ती मला पुन्हा लावून निघून जायची. खरं सांगते, मलाही ती मुलगी आवडेनाशी झाली. जी बाई दिवा घालवून काम करते, तिच्यावर दिव्याने विश्वास कसा ठेवायचा?

त्यातच रोपांनी माना टाकायला सुरुवात केली. सकाळी ताठ असलेलं रोप संध्याकाळी मातीलगत पिचून आडवं झालेलं असे, जणू कुणी चिमटीत धरून दाबलं असावं. एक गेलं, मग शेजारचं, मग अख्खी ओळ. मास्तर चष्म्यावर भिंग धरून बघत बसत आणि आणखी पाणी घालत.

त्यांनी दारात घोट्याच्या उंचीवर कच्चे टाके घालायचा दोरा बांधला. संध्याकाळी तो तुटलेला होता. त्यांनी तो उचलून बोटाला गुंडाळला आणि खिशात टाकला.

सलूनवाला एकदा घरी आला तेव्हा मास्तरांनी त्याला रोपं दाखवली. त्याने हलक्या आवाजात सांगितलं की कुठेतरी पाणी मुरतंय. सुनेला ही खोली हवी असेल, मेलेल्या सासूची मिरची तिला कशाला हवी. असे त्याने कान भरले. त्या दिवसापासून मास्तर सुनेने केलेल्या चहाचा कपही निरखून बघू लागले. आणि सूनही काही कमी नव्हती. जाता-येता ती दाराशी थबकायची, कान द्यायची. म्हातारा बंद खोलीत तासन् तास काय करतो, कुणाशी बोलतो, असं दाराच्या फटीतून तिच्या चेहऱ्यावर दिसे.

शेवटी एका दुपारी मास्तर सलूनकडे जातो म्हणून निघाले आणि मागच्या दाराने परत आले. दुकानातला जुना पडदा कोपऱ्यात टांगला होता, त्यामागे ते उभे राहिले. थोड्या वेळात सून आली. तिने बटण बंद केलं. ट्रे सरकला. तेवढ्यात पडद्याच्या कड्या वाजल्या आणि मास्तरांनी मला लावलं. मी दोनदा लुकलुकले आणि पेटले.

सून ट्रे हातात घेऊन खिडकीशी उभी होती. खिडकीचा कागद एका बाजूने व्यवस्थित सोडवलेला होता आणि त्यातून उन्हाचा लांबट तुकडा आत आला होता.

“काय चाललंय, सूनबाई?”

“इथे आत्ता घटकाभर ऊन येतं, बाबा. त्यात ठेवते. प्लास्टिक काढून वारा लागू देते.”

“आणि दिवा?”

“उन्हात दिवा कशाला?”

मास्तर म्हणाले, “तू खोलीत यायला लागलीस आणि रोपं मरायला लागली.”

तिने ट्रे टेबलावर ठेवला. मातीत बोट रोवलं, तर त्या खळग्यात पाणी जमलं. “रोपं मरायला लागली म्हणून मी यायला लागले,” ती म्हणाली.

मास्तरांनी खोलीचं, सलूनवाल्याचं, सगळं एकदाचं बोलून टाकलं. ती ऐकून घेत होती. मग बाहेर गेली आणि दोन चहाचे कप घेऊन आली. कपांत माती होती आणि मातीत मिरचीची रोपं. फिकट, लांबुडकी, एका बाजूला झुकलेली; पण जिवंत. खोडाच्या गाठीशी जांभळी कड होती. ती कड मास्तरांनी आणि मी एकदमच ओळखली.

“हे बी तू डबीतून काढलंस,” मास्तर म्हणाले.

“नाही. आईंनी दवाखान्यात दिलं. पदराच्या गाठीत होतं. माझ्या खोलीच्या खिडकीत लावलंय.”

“तुला? मला का नाही?”

ती घुटमळली. “म्हणाल्या, ह्यांच्या हाताला पाणी फार आहे. मिरच्या धरल्या की मगच सांग, म्हणाल्या. मी शब्द दिला होता.”

“मला सांगितलं असतं तिने, तर मी ऐकलं असतं.”

“नसतं ऐकलं. हेही त्या म्हणाल्या होत्या.”

मास्तर स्टुलावर बसले. मग ते मातीकडे बघत म्हणाले, “शेवटी शेवटी ती नुसतं पाणी मागायची. चमच्याने देत होतो. ते देत राहायची सवयच लागली, पोरी.”

सुनेने ट्रेतली उरलेली धडधाकट रोपं एका बाजूला केली आणि कप त्यांच्या शेजारी ठेवले. मास्तर उठले, माझ्या दोऱ्या सोडल्या आणि मला इतकं खाली आणलं की माझ्यात आणि रोपांत वीतभरच अंतर राहिलं. एका कपातलं लांबुडकं रोप तिने नव्या मातीत गळ्यापर्यंत पुरलं. दुसरा कप मात्र तिने परत आपल्या खिडकीत नेला. सगळी एका जागी नकोत, म्हणाली. माझ्याखालची रोपं काही आठवड्यांतच बुटकी, जाड आणि गर्द हिरवी झाली. खिडकीतलं रेंगाळत वाढलं, पण वाढलं. ऊब आल्यावर सगळी बाहेर गेली, आणि थंडी परतायच्या आत चुणीदार मिरच्यांनी लगडली.

मित्रांनो, माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. जुना दिवा मिणमिणू लागला तर लगेच भंगारात टाकू नका; आधी एकदा पुसून बघा. रोपाची काळजी वाटली की पाण्याचा तांब्या उचलण्याआधी माती चाचपा. आणि घरातल्या माणसाचा संशय आला, तर त्याच्यासमोर बसून त्यालाच विचारा. अर्ध्या अंधारात ऐकलेल्या आवाजांवरून मी एका मुलीला वाईट ठरवलं होतं, आणि मी तर दिवा होते.

आता पुन्हा थंडी आहे. नवं बी रुजलंय. आज सकाळी मास्तर तांब्या घेऊन माझ्याखाली उभे होते. दाराकडे वळून त्यांनी हाक मारली, “पाणी घालू का गं?”

सून आली, तिने मातीत बोट घातलं आणि म्हणाली, “आज नको, बाबा.”

मास्तरांनी तांब्या खाली ठेवला.