जेवणानंतरचा पेपर

“पटायचं न्हाय कुणाला, पण खरं हाय!” तालमीच्या कट्ट्यावर शशिधर मास्तरांनी मांडी ठोकली. गणपतीतल्या व्याख्यानाचा मान यंदा त्यांना हवाच होता.

“एका वेळी पोराच्या डोक्यात किती कोंबावं, यावर विद्वानांची परिषद हुती. दुपारी तांबडा-पांढरा रस्सा वरपून सगळा हॉल आडवा. मी पेपर वाचाय उठलो, पहिल्याच वाक्याला पुढची रांग जागी! शेवटाला तर परदेशी प्रोफेसर खुर्चीवर चढून शिट्ट्या माराय लागला!”

तालमीच्या अध्यक्षांनी मान डोलावली. मास्तरांना हार गळ्यात पडल्यासारखाच वाटला.

तेवढ्यात त्यांच्याच शाळेतले दत्तप्रसाद सर मागून ओरडले, “मास्तर, तुम्ही तर स्टेजवरच घोरत हुता की! तुमचा पेपर मी वाचला!”