राजाच्या नावाने रेघ

मतदारसंघांच्या हद्दी नव्याने आखायच्या होत्या, म्हणून आयोगाने फ्रेडरिक्टनच्या सभागृहात लोकांचं म्हणणं ऐकायला घेतलं. देशाचा नामधारी राजा टिकावा म्हणून झटणाऱ्या राजनिष्ठ मंडळाचे चिटणीस हेझन पिकेट कोटावर मुकुटाचा बिल्ला लावून उभे राहिले. पक्षवाल्यांना पेन्सिल देणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत, हे त्यांचं तीस वर्षांचं मत.

"राजाला ना पक्ष, ना निवडणूक. त्याला सगळी प्रजा सारखी. तेव्हा रेघ त्याच्या नावाने आखा," असं म्हणून त्यांनी स्वतःच आखलेला नकाशा उलगडला.

आयोगाच्या अध्यक्षबाईंनी चष्मा सावरला. "ही रेघ नदी ओलांडून, पलीकडच्या एकाच घराला वळसा घालून परत का येते?"

"आमचे नऊही सभासद एका मतदारसंघात हवेत, बाईसाहेब."

मागच्या रांगेतून मंडळाच्या सर्वांत जुन्या सभासद म्युरिएल आजी उठल्या. "हेझन, ते घर माझं. मला कुठे हवाय राजा? मी आपली केक खायला येते."

सगळे खदाखदा हसले. हेझननी खिशातून रबर काढलं आणि सगळ्या प्रजेला सारखं मानणाऱ्या राजाच्या नावाने आजींचं घर हद्दीबाहेर टाकलं.