दुसरी फातिहा

हाज लमीनच्या चाळिसाव्याला गुरुवार आला, आणि गुरुवारी मनूबियाचा रोजा असायचा. सोमवार-गुरुवारचे तिचे रोजे लग्नापासूनचे. नवऱ्याच्या चाळिसाव्यासाठी तो मोडावा असं तिला काही वाटलं नाही. पण साठ माणसांच्या कुसकुसाचा रस्सा चुलीवर रटरटत असताना मीठ चाखायचं कोणी? ते काम शेजारच्या बेय्याकडे आलं, आणि बेय्या चाखता चाखता जेवूनच घ्यायला लागली.

"मीठ बरोबर आहे का, तेवढं सांग गं," मनूबिया म्हणाली. "चौथा चमचा झाला हा तुझा."

"पहिल्या तिनांत कळलं नाही," बेय्या म्हणाली. "तुमच्या वजदीसारखं झालंय माझं. नेमच बसत नाही."

चुलीजवळच्या बायका हसल्या. मनूबियालाही हसू आलं, पण ते तिने ओढणीत दाबलं. घर दुःखाचं होतं, शिवाय वजदी अंगणातच खुर्च्या मांडत होता. त्याला ऐकू गेलं असतं.

वजदी म्हणजे बीर ज़ीतूनच्या फुटबॉल संघाचा नऊ नंबर. सहा वर्षं त्याच्या पायाने गाव जिंकलं होतं. मग गुडघा दुखावला, बरा झाला, आणि बरा झाल्यापासून तेरा सामन्यांत एकही गोल नाही. मागच्या रविवारी तर त्याने पेनल्टी मारली ती मैदानाची भिंत ओलांडून थेट तेलाच्या घाण्यावर जाऊन पडली. घाणेवाल्याने चेंडू परत केला तोही तेलकट. त्या दिवसापासून गावात दोन तट पडले होते. एक तट म्हणे, वजदीला देऊन टाका आणि बदल्यात दोन धडधाकट पोरं आणा, नाहीतर संघ तिसऱ्या श्रेणीत जातो. दुसरा म्हणे, ज्याने आपल्याला वर आणलं त्याला पडत्या दिवसांत विकायचं, तर आपण माणसं कसली?

हाज लमीन बावीस वर्षं संघाचा अध्यक्ष होता. मिठागरांकडच्या वस्तीतून पंधरा वर्षांच्या वजदीला त्यानेच आणलं, आणि चार वर्षं वजदीने मनूबियाच्या हातचं खाल्लं. हाज गेल्यावर अध्यक्षाच्या खुर्चीवर त्यांचा मुलगा नाजी बसला. तो असेपर्यंत काही वाईट होणार नाही असं मनूबियाला वाटत होतं. आईला मुलाबद्दल वाटतं तसं.

ती स्वतः इद्दतीत होती. नवरा गेलेल्या बाईने चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही, परक्या पुरुषांपुढे यायचं नाही. म्हणून वजदी सकाळी आला तो अंगण आणि माजघर यांच्यामधल्या पडद्यापाशीच थांबला होता.

"खालती," तो पडद्याबाहेरून म्हणाला. तिला तो अशीच हाक मारायचा, मावशी या अर्थाने. "एक विचारू? मला रास अमराच्या संघाला देणार आहेत असं ऐकतोय. शनिवारी अदलाबदलीची मुदत संपते म्हणे."

"कोण म्हणतं?"

"कॉफीच्या दुकानातला प्रत्येकजण. मला बघितलं की गप्प होतात. इतके दिवस मला बघितलं की ओरडायचे."

नाजी तेव्हा तिथेच, ग्लासांची परात उचलत होता. मनूबियाने त्याला विचारलं, "नाजी, वजदीला देणार आहेस का?"

"उम्मी," नाजी म्हणाला, "आज बाबांचा चाळिसावा आहे. आज असल्या गोष्टी काढणं शोभतं का?"

मनूबिया ओशाळली. खरंच, आजच्या दिवशी तिने हे काढायलाच नको होतं. नाजीने नाही म्हटलं, असंच तिने धरलं. आणि पडद्याला तोंड लावून वजदीला म्हणाली, "माझ्या घरात तुझ्याविरुद्ध काही ठरणार नाही, वलीदी, लेकरा. मी शब्द देते."

"तुमचा शब्द म्हणजे झालंच," वजदी म्हणाला, आणि दोन दोन खुर्च्या एकदम उचलत निघून गेला.

दुपारची नमाज झाली आणि माणसं यायला लागली. कुराणपठण झालं, शेखने फातिहा, कुराणातला पहिला अध्याय, म्हटली, साठ जणांचे तळहात वर झाले, हाज लमीनसाठी दुआ मागितली गेली. मग जेवणं झाली. वजदी घरचाच असल्यासारखा ताटं नेत होता, हातावर पाणी घालत होता. हळूहळू माणसं उठली. राहिले दहा-बारा: संघाची समिती, कप्तान इस्कंदर, आणि एक पाहुणा. राखाडी कोट, हातात जपमाळ. रास अमराच्या संघाचा अध्यक्ष मुन्सिफ, ज्याला सगळे मानाने सी मुन्सिफ म्हणत. शेजारच्या गावचा माणूस, हाजचा जुना ओळखीचा, तो सांत्वनाला येणारच. मनूबियाला त्यात वावगं काही दिसलं नाही.

पडद्याच्या फटीतून तिला अंगणाचा अर्धा भाग दिसत होता. चहा फिरत होता, बदाम घातलेला. सी मुन्सिफ आणि नाजी एकमेकांकडे वाकून हळू काहीतरी बोलले. मग नाजी सरळ बसला आणि मोठ्याने म्हणाला, "फातिहा!"

सगळ्यांनी तळहात वर केले. वजदी परात घेऊन चालला होता. त्याने ती तिथेच जमिनीवर ठेवली आणि उभ्या उभ्या हात पसरले. आत मनूबियानेही पसरले. आपला मुलगा बापासाठी आणखी एकदा फातिहा मागतोय, हे ऐकून तिचा ऊर भरून आला. ती एरवी फार हळू बोलायची, दुआही ओठांतल्या ओठांत. त्या दिवशी मात्र सगळ्यांचं म्हणून झाल्यावर तिचं "आमीन" पडद्याबाहेर स्वच्छ ऐकू गेलं.

"मबरूक!" सी मुन्सिफ म्हणाला. "अभिनंदन!"

मनूबियाचे हात तसेच हवेत राहिले. दुःखाच्या घरात मबरूक कोण म्हणतं?

सी मुन्सिफने उठून वजदीला मिठी मारली, दोन्ही गालांचे मुके घेतले. "आता तू आमचा," तो म्हणाला. "तुझ्या गुडघ्याची काळजी आमच्याकडे. दोन सोन्यासारखी पोरं देतोय मी तुझ्या बदल्यात."

"कशाच्या बदल्यात?" वजदी म्हणाला. "सी नाजी, कसलं मबरूक?"

"बस, वजदी. चहा घे."

"कसलं मबरूक ते सांगा आधी."

"अदलाबदल ठरली," नाजी म्हणाला. "फातिहा वाचली ना आत्ता? सगळ्यांसमोर वाचली. तूही वाचलीस."

त्या भागात सौदा कागदावर नंतर होतो. लग्न असो, जमीन असो, आधी फातिहा होते, आणि फातिहा झाली की झालं. ती मोडणाऱ्याला पुढे कोणी मुलगी देत नाही, की उधार बकरं देत नाही.

"मी हाजसाठी वाचली," वजदी म्हणाला. "मी परात ठेवून हाजसाठी वाचली, लेको!"

समितीतला एक म्हातारा म्हणाला, "हाजसाठीची मघाशीच झाली की रे. एका माणसाला किती लागतात?"

कोणीतरी हसलं. वजदीने सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं, आणि मग त्याची नजर पडद्यावर येऊन थांबली.

"खालती," तो म्हणाला, "तुमचं आमीन तर सगळ्यांत मोठं होतं."

"नाही रे, वलीदी, मला..." मनूबिया म्हणाली. पण तिचा आवाज तो तेवढाच. बाहेर खुर्च्या सरकत होत्या, सी मुन्सिफ सगळ्यांशी हात मिळवत होता. तिने पडद्याला हात घातला, आणि इद्दत आठवून तो तिथेच थांबला. तेवढ्यात दरवाजा वाजला आणि वजदी गेलासुद्धा.

सूर्य मावळला. बेय्याने तिच्यापुढे खजूर आणि पाणी ठेवलं. तिने पाणी घेतलं, खजूर नाही.

"खा गं बाई," बेय्या म्हणाली. "त्याला काय फाशी देतायत? रास अमरा बसने वीस मिनिटं आहे."

"वीस मिनिटांचं नाही गं काही," मनूबिया म्हणाली.

नाजी आत आला तेव्हा तिने त्याला बसायला सांगितलं नाही. तो आपणच बसला. "उम्मी, त्याचा पाय गेलाय," तो म्हणाला. "बाबाही शेवटी तेच म्हणत होते, फक्त त्याच्या तोंडावर बोलवत नव्हतं. संघ खाली गेला तर पंधरा पोरं घरी बसतात. तिकडे त्याला डॉक्टर मिळेल, खेळायला मिळेल. मी काय त्याचं वाटोळं केलं?"

"नसेल केलंस. द्यायलाही हवं असेल त्याला. मला खेळातलं कळत नाही."

"मग?"

"मग त्याला विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असता. तुझ्याकडे आला असता, तू रडली असतीस, अर्धं गाव दारात आलं असतं. दुसरी वाट नव्हती."

"सकाळी मी तुला विचारलं, तेव्हा तू काय म्हणालास?"

नाजी म्हणाला, "खोटं नाही बोललो."

"नाही बोललास," मनूबिया म्हणाली. "म्हणूनच तर मी शब्द दिला त्याला. तुझ्या भरवशावर. आणि तुझ्या बापासाठी उचललेले माझे हात तू त्या माणसाच्या हातात दिलेस."

नाजीने मान खाली घातली खरी, पण उठताना एवढंच म्हणाला, "उद्या जुम्याच्या नमाजनंतर सही आहे. फातिहा झालीये. त्याला करावीच लागेल."

त्या रात्रीच्या नमाजला मनूबियाची एक रकात चुकली, आणि तिला ती पुन्हा पढावी लागली. इद्दतीतल्या बाईने बाहेर पडायचं नाही. पण दिवसाउजेडी, नडीला बाहेर पडता येतं. ही नड आहे का? तिने स्वतःलाच खूप वेळ विचारलं. दवाखान्यासाठी पडता येतं, साक्षीसाठी पडता येतं. मग ही साक्षच की.

दुसऱ्या दिवशी नमाज सुटल्यावर तिने पांढरी सफसारी डोक्यावरून पायापर्यंत लपेटली आणि चाळीस दिवसांत पहिल्यांदा उंबरा ओलांडला. बेय्या बरोबर आली. वाटेत लोक बाजूला होत होते. कोणी सलाम केला, कोणाला करायचं सुचलं नाही.

मैदानाच्या कडेला संघाची एक खोली होती. आत नाजी, समितीचे तिघे, इस्कंदर, आणि टेबलाजवळ उभा वजदी. कागद पुढे, पेन हातात. मनूबिया दारातच थांबली.

"उम्मी!" नाजी ताडकन उठला. "तू इथे? इद्दतीत?"

"साक्ष द्यायला आलेय," ती म्हणाली. हळूच म्हणाली, पण आता कोणी खुर्च्या सरकवत नव्हतं. "वजदी, मला माहीत नव्हतं. माझं आमीन माझ्या नवऱ्यासाठी होतं. या सौद्यासाठी मी हात उचलला नव्हता. देवाला माझी नियत ठाऊक आहे, आता तुम्हा सगळ्यांनाही ठाऊक असू दे. तुझी फातिहाही हाजसाठीच होती. ती तुला बांधत नाही. सही करायची नसेल तर करू नकोस."

वजदीने पेन खाली ठेवलं. तो तिच्यापाशी आला, वाकला आणि सफसारीवरूनच तिच्या डोक्याचा मुका घेतला. "कळलं, खालती," तो म्हणाला. "रात्रभर मला तेवढंच खात होतं."

समितीतला म्हातारा पुटपुटला, "घ्या. आता तिसरी श्रेणी."

वजदी वळला. "इस्कंदर," तो कप्तानाला म्हणाला. दोघं नऊ वर्षं एका खोलीत बूट घालत होते. "तू कोणासाठी वाचलीस?"

इस्कंदर खिडकीबाहेर बघत होता. "असं काय विचारतोस..."

"सरळ विचारतोय. हाजसाठी, की माझ्यासाठी?"

"मला बुधवारीच सांगितलं होतं," इस्कंदर म्हणाला. "सगळ्या पोरांना सांगितलं होतं. वजदी, तू तेरा सामने..."

"सगळ्या पोरांना."

"कोणाला आवडलं नाही रे ते."

"पण सगळे गप्प बसले." वजदीने मान हलवली. मग टेबलाशी गेला आणि सही केली. अक्षर नीट होतं, घाई नव्हती.

"अरे, का?" मनूबियाच्या तोंडून निघालं. "मी सोडवलं ना तुला!"

"सोडवलंत म्हणूनच, खालती. बांधलेला होतो तोवर भांडायचं होतं मला. आता रविवारी चेंडू कोणाकडे देऊ? यातल्या कोणाकडे?" त्याने पेनाचं टोपण लावलं. "तुमच्याकडे येईन मी. तुमच्या घरी, जेवायला. इकडे नाही."

तो गेला. जाताना तो गुडघ्यामुळे किंचित लंगडत होता. गुरुवारी तिला ते दिसलं नव्हतं.

घरी आल्यावर मनूबियाने सफसारी घडी करून ठेवली, हात-पाय-तोंड धुऊन वजू केलं आणि तिसऱ्या प्रहराची नमाज पढली. मुसल्ल्यावरून उठायच्या आत नाजी आला आणि तिच्याशेजारी गुडघे टेकून बसला.

"शेवटी त्याने स्वतःच केली ना सही," तो म्हणाला. "कोणी जबरदस्ती केली नाही."

मनूबियाने मुसल्ल्याचा कोपरा सरळ केला.

"आज जुमा आहे, उम्मी. बाबांसाठी फातिहा वाचू दोघं." त्याने तळहात वर केले आणि तिची वाट बघितली.

तिचे हात मांडीवरच होते. तिने एकदा त्याच्या पसरलेल्या हातांकडे पाहिलं, मग त्याच्या चेहऱ्याकडे. अगदी हाजसारखा होता तो त्या बाजूने.

"तू वाच," ती म्हणाली. "तुझं झालं की मी वाचेन."