मोठ्या आवाजातली गाणी

वरच्या मजल्यावर नवं बिऱ्हाड आलं आणि धाराशिवच्या त्या गल्लीत दुपारी कुणाचा डोळा लागेना. जेवणं आटोपली की वर स्पीकर सुरू व्हायचा. संबळ, तुणतुणं, आणि त्यावर गोंधळ्याचा खडा आवाज. भिंती थरथरायच्या, मांडणीवरची ताटं किणकिणायची. पण गाणी देवीची. तुळजापूर हाकेच्या अंतरावर, घरोघरी भवानीचा फोटो. देवीचं गाणं बंद करा म्हणायला कुणाची जीभ रेटणार? घरमालक भीमाशंकर एकदा धीर करून जिना चढला, तर नवा भाडेकरू रणधीर हात जोडूनच दारात आला. "मालक, रात्रपाळीला गाडी चालवतो मी. दुपारी देवीचं नाव कानावर पडलं की बरं वाटतं." भीमाशंकरही हात जोडून खाली उतरला.

तळमजल्यावरच्या दीपमालाला मात्र त्या आवाजाचा जाच नव्हता. ती घरातच ब्लाउज शिवायची. वर संबळ सुरू झाला की तिचा पाय शिलाई मशीनवर आपोआप ठेका धरायचा. तिला गाणं मोठंच लागायचं. वरातीत बाकीच्या बायका कानांत बोटं घालून पुढं पळायच्या, ही स्पीकरच्या गाडीला चिकटून चालायची. नवरा कृष्णराज संथ भावगीतं लावून बसला की हिला जांभया यायच्या.

"तुझं कान हायेत का भोंगे?" तो चिडवायचा.

"गाणं छातीत वाजाय पायजे," ती म्हणायची. "कानात काय, डासबी वाजतो."

ही आवड आली कुठून, हेही ती अभिमानानं सांगायची. तिचा बाप धोंडीबा परंड्यात मंडप आणि लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचा. दुपारी तो भोंगा अंगणात आणून ठेवायचा, गोंधळाची कॅसेट लावायचा आणि लहानग्या दीपीला ओट्यावर बसवून हातात गुळाचा खडा द्यायचा. "बस हितं. गाणं ऐक. भोंगा तपासायलोय." मग तो आत जायचा आणि दार लोटून घ्यायचा. ती गूळ चघळत बसायची. संबळ बरगड्यांत घुमायचा, अंगणातली धूळसुद्धा उडायची. बापाचं प्रेम म्हटलं की तिला त्याच दुपारी आठवायच्या. बाप जाऊन आता बरीच वर्षं झाली होती.

रणधीरची बायको आरोही तशी क्वचित खाली यायची. एकदा ब्लाउज शिवून घ्यायला आली, तेव्हा दीपमालानं टेप हातात घेतली तर ती मागं सरकली. "काकू, मापाला जुनाच ब्लाउज ठेवा. अंगावर नको." दीपमालाला वाटलं, लाजाळू आहे पोर. त्यांची चार वर्षांची गौरी मात्र बोलकी होती. दुपारी गाणी लागली की ती जिन्याच्या मधल्या पायरीवर येऊन बसायची, मांडीत बिस्किटाचा पुडा, डोळे अर्धे मिटलेले, मान संबळाबरोबर हलत असायची. दीपमालाला तिचं कौतुक वाटायचं. आपल्यासारखीच आहे, ती म्हणायची.

उन्हाळ्याच्या तोंडाला दीपमालाची आई द्वारकाबाई मोतीबिंदूचं ऑपरेशन करून लेकीकडं विश्रांतीला आली. तिचा डावा कान कधीचाच गेलेला होता. 'भोंग्याच्या धंद्यानं गेला,' असं घरात सगळे म्हणायचे. गाण्याचं तिला वावडं होतं. टीव्हीवर गाणं लागलं तरी उठून जायची. आईला संगीतातलं काही कळत नाही, असं दीपमाला लहानपणापासून धरून चालली होती.

पहिल्याच दुपारी वर स्पीकर सुरू झाला. द्वारकाबाई जेवत होती. तिचा हात ताटातच थांबला. तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला, ताट सरकवलं आणि भिंतीला पाठ लावून बसली. डोळ्यावरच्या हिरव्या कापडाखाली चेहरा पांढरा पडला होता.

"आई, काय होतंय? डोळा दुखतो का?"

"किती दिसापासून वाजतंय हे?"

"ऱ्हायला आल्यापासून. झाला की महिना-दीड महिना."

"रोज?"

"रोज न्हाय. एकाडएक दिवस. लई झाक आवाज हाय बघ त्याच्या स्पीकरचा."

म्हातारी उठली, भिंत धरत दारापर्यंत गेली. जिन्यात गौरी बसली होती. द्वारकाबाईनं वाकून विचारलं, "बाळा, तू आत का बसत न्हाईस?"

"पप्पा म्हणतेत, बाहेर बस, गाणं ऐक," गौरी म्हणाली आणि पुड्यातलं एक बिस्किट तिच्यापुढं धरलं.

द्वारकाबाईनं ते घेतलं नाही. आत येऊन ती खाली बसली. वरचं गाणं थांबलं, जिन्यातून गौरीची पावलं वर गेली, तेव्हा ती म्हणाली, "दीपे, माझा कान भोंग्यानं गेला न्हाय."

दीपमालाच्या हातातली कात्री तशीच राहिली.

"तुझा बाप भोंगा तपासत नव्हता. माझा आवाज भाईर जाऊ न्हाय म्हणून लावायचा. देवीची गाणी. शेजारपाजारचे म्हणायचे, धोंडीबा लई भाविक."

"आई, काय बोलतीस तू?"

"तू ओट्यावर गूळ खात बसायचीस. म्या आतून बघायची, दाराच्या फटीतून. पोर भेलेली न्हाय एवढं बघायची, बस."

दीपमालाला एकदम खोटं वाटलं. मग खरं वाटलं. मग तिला आठवलं की गाणी थांबल्यावर ती घरात पळायची, तेव्हा आई कायम चुलीकडं तोंड करून बसलेली असायची. कधी वळून बघायची नाही. त्या सगळ्या दुपारींत आईचा चेहरा तिला कुठंच दिसेना.

रात्री तिनं कृष्णराजला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आईंचं झालं ते झालं. पण वरच्यांचं तसंच असंल कशावरून? उगी कुणाच्या संसारात..."

"नसंल तर बरंच हाय," ती म्हणाली.

दुसरा दिवस शांत गेला. त्या शांततेनंच दीपमालाचा जीव टांगणीला लागला. तिसऱ्या दिवशी, ताटं उचलली न उचलली तोच संबळ सुरू झाला. मशीनवरचा तिचा पाय हलू लागला. तिनं पायाकडं बघितलं, आणि अंगावर पाल पडावी तशी ती उठली. एवढं कळूनसुद्धा अंगाला ते गाणं गोडच लागत होतं.

ती जिना चढली. पायरीवरच्या गौरीला तिनं उचलून खाली द्वारकाबाईजवळ दिलं. पुन्हा वर जाऊन दार वाजवलं. हातानं, मग मुठीनं. त्या आवाजापुढं तिची थाप तिलाच ऐकू येईना. आतून काहीच कळत नव्हतं. वाजत होती ती फक्त देवीची स्तुती.

जिन्याखाली मीटरची पेटी होती, प्रत्येक बिऱ्हाडाचा खटका वेगळा. ती धावत खाली आली, पेटी उघडली आणि वरच्या मजल्याचा खटका खाली ओढला.

संबळ मध्येच तुटला. आणि त्या क्षणी, वरच्याला भान यायच्या आत, गाण्याखाली दडलेला आवाज मोकळा झाला. काहीतरी भिंतीवर आदळलं. "नको ओ, पाया पडते, डोक्यात नको..." आरोहीचा आवाज होता. तो जिन्यातून गल्लीत गेला. समोरच्या घराचं दार उघडलं. शेजारचं उघडलं. भीमाशंकर बनियनवरच बाहेर आला. सगळ्यांनी ऐकलं होतं, आणि ऐकलं नाही असं म्हणायची आता कुणाला सोय नव्हती.

वरचं दार उघडलं. रणधीर बाहेर आला, धापा टाकत. केस मात्र नीट विंचरलेले.

"लाईट गेली का काकू?"

"गेली न्हाय. म्या घालवली."

तो दोन पायऱ्या उतरला. भीमाशंकर दीपमालाच्या बाजूला येऊन उभा राहिला. तेवढ्यात गौरीला शेजारणीकडं सोपवून द्वारकाबाई पुढं आली. डोळ्यावर हिरवं कापड, एक हात भिंतीवर. एकेक पायरी चढत ती रणधीरच्या अगदी जवळून गेली. तिनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. तो का कोण जाणे, बाजूला झाला. म्हातारी आत गेली आणि आरोहीच्या दंडाला धरून तिला बाहेर घेऊन आली. आरोहीच्या कानामागून रक्त ओघळत होतं.

पोलिसांना फोन कृष्णराजनं केला. ठाण्यात महिला पोलीस होती, तिनं तक्रार लिहून घेतली. संध्याकाळी येडशीहून आरोहीचा भाऊ आला आणि मायलेकींना घेऊन गेला.

चार दिवसांनी रणधीर जामिनावर सुटून परत आला. दीपमालाच्या दारापुढं थांबून, पूर्वीसारखाच हसून म्हणाला, "काकू, तुम्ही शिवता चांगलं. पण दुसऱ्याचं उसवायची सवय बरी न्हाय." आणि वर गेला. त्या दिवसापासून वर गाणं लागलं नाही. तो घरात आहे की नाही हेही कळेना. दीपमाला मशीन थांबवून छताकडं कान द्यायची. कृष्णराजनं दाराला आतून नवी कडी बसवून घेतली. भीमाशंकर म्हणत होता, महिनाअखेर खोली खाली करायला सांगतो. सांगितलं की नाही, त्यालाच माहीत.

आई परंड्याला परत निघाली तेव्हा दीपमालानं तिला विचारलं, "इतकी वर्सं का सांगितलं न्हाईस?"

द्वारकाबाई पिशवीच्या बंदाला गाठ मारत होती. "तुझ्या लहानपणात तेवढंच एक चांगलं हुतं. ते कसं काढून घिऊ?"

आषाढात येडशीहून आरोहीचा फोन आला. कान बरा आहे म्हणाली, कोर्टाची तारीख पडली म्हणाली.

"काकू, एक विचारायचं होतं. गौरी दुपारी झोपतच न्हाय. रडरड रडते. मोबाईलवर ती गाणी लावली, मोठ्यानं लावली, की लगेच शांत होते. खूश होते. काय करू?"

मागून गौरीचा हट्ट ऐकू येत होता, "अजून मोठं, मम्मी, अजून मोठं!"

"आवाज रोज थोडा थोडा कमी कर," दीपमाला म्हणाली.

"मग जाईल का ते?"

बाहेर रस्त्यानं कुणाची तरी मिरवणूक चालली होती. संबळ जवळ येत होता. दीपमालानं फोन कानाला धरूनच हात लांबवला आणि खिडकी लावून घेतली.

"मला ठाऊक न्हाय, आरोही," ती म्हणाली. "पण तिला त्या वक्ताला एकटी बाहेर बसवू नको. जवळ घेऊन बस."