पडद्याआडचा मिठू

कासव खोक्यात जाऊन पाय आत ओढून बसलं आणि अख्तरबानूंच्या जिवाचा निम्मा घोर गेला. वनखात्याला फोन त्यांनीच केला होता. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं हे कासव त्यांचे मिस्टर शमशुद्दीनभाई कधीकाळी हौसेनं घेऊन आले होते. असलं जनावर पाळणं गुन्हा आहे हे पेपरात वाचल्यापासून बाईंची झोप उडाली होती. भाई जाऊन दोन वर्षं झालेली. पोलीस आले तर पुढं होऊन बोलायला घरात कुणी नव्हतं.

वनखात्यातून आलेला दिगंबर त्यांच्या मुलाच्या वयाचा. खडकीच्या त्या दोन खोल्यांत तो चहा घेत ऐसपैस बसला. बरं केलंत, म्हणाला. ही कासवं चोरून परदेशात विकतात, रानातली कमी होत चाललीत, म्हणून त्यांना कायद्याच्या पहिल्याच यादीत घातलंय, असं त्यानं समजावून सांगितलं.

"पण लोकांना वाटतं, कायदा फक्त कासवाचा," कप खाली ठेवत तो म्हणाला. "पोपट बघा. झाडाझाडावर थवेच्या थवे. ते काही संपत आलेले नाहीत. तरी दुसऱ्या यादीत तेही आहेत, पिंजऱ्यात ठेवला की गुन्हाच. मागच्या आठवड्यात एकाकडचा उचलला आम्ही."

अख्तरबानूंनी रिकामा कप उचलून हातात धरला. त्यांच्या पोपटाचा, मिठूचा पिंजरा आतल्या खोलीत, पडद्याआड होता. परक्या माणसाला बघून मिठू फडफडतो म्हणून त्यांनी त्यावर ओढणी टाकली होती, एवढंच. ओळखीतल्या चार घरांत पोपट होते, त्यात लपवायचं काय असतं? पण मिठूच्या गळ्यात भाईंचा आवाज होता, अगदी हुबेहूब. मिठूला नेलं तर भाई दुसऱ्यांदा जाणार होते. आत्ता नको, आत्ता बोलू नकोस, अशी त्या मनातल्या मनात विनवणी करत राहिल्या.

दिगंबरनं खोकं उचललं आणि दाराशी बूट घातले. तेवढ्यात आतून खर्जातला, थकलेला पुरुषी आवाज आला.

"अख्तर, दरवाजा लगा ले."

दिगंबर थबकला. "आत कोण आहे, काकू?"

खोटं बोलायची बाईंना सवय नव्हती. "आमचे मिस्टर," त्या म्हणाल्या. "झोपून असतात."

"आधी सांगायचं ना. मी आपला मोठमोठ्यानं बोलत बसलो." तो ओशाळला. पडद्याकडे बघत आवाज उतरवून म्हणाला, "येतो, काका." आणि जिना उतरून गेला.

बाईंनी दार लोटून आतून कडी लावली.

"लगाया जी," अख्तरबानू पडद्याकडे बघून म्हणाल्या आणि तिथंच दाराला टेकून खाली बसल्या.