तिसरा ठोका

मी एक जुना लाकडी हातोडा आहे, मित्रांनो. खिळे ठोकणारा नव्हे, सभेत वाजणारा. जाकार्तातल्या एका विद्यापीठात सरकारी धोरणांचे शिक्षण देणारी संस्था आहे, तिच्या सभागृहात माझा मुक्काम. लाकूडकामासाठी नावाजलेल्या जेपारा गावच्या सुताराने मला सागातून घडवले.

इथली रीत अशी, की अध्यक्ष "कबूल?" विचारतात, सगळे "कबूल!" ओरडतात आणि मी तीनदा वाजतो. तिसऱ्या ठोक्यानंतर ब्रह्मदेव आला तरी ठराव फिरत नाही. त्यामुळे माझा भारी मान होता. मुले माझ्याबरोबर फोटोसुद्धा काढत.

त्या दिवशी सभेपुढे नदीकाठच्या वस्तीचा प्रश्न होता. ती उठवून लोकांना शहराबाहेरच्या उंच इमारतींत न्यावे, असा सल्ला संस्था नगरपालिकेला देणार होती. अध्यक्ष होते आमचे प्रमुख, पाक हुताबारात. इथे मान देताना पुरुषांना 'पाक' म्हणतात आणि बायकांना 'बु'. बाताक मुलखातला रोखठोक माणूस, आवाज खणखणीत. समोर त्यांची विद्यार्थिनी सेकार बसली होती, जावाची. त्याच वस्तीत तिचे घर आणि आईची टोफूची, म्हणजे सोयाबीनच्या पनीरची, भट्टी होती.

"सेकार, तुझं काय म्हणणं?"

तिने मान झुकवली, हसली. "तुम्ही म्हणाल तसं, पाक."

ते बाकीच्यांकडे वळले. "बघा! जिचं घर जाणार ती हसतेय, आणि तुम्ही मघापासून कुरकुरताय!"

जावात वडीलधाऱ्यांना तोंडावर नाही म्हणत नाहीत. मला ते ठाऊक होते, पण मी बोलणार कसा? शेजारच्या प्राध्यापिका बु रेतनो, त्याही जावाच्याच, तिच्या कानाशी कुजबुजल्या, "पोरी, बोल आता. घरी जाऊन आईला काय सांगशील?"

सेकार वहीचा कोपरा मुडपत राहिली. काहींनी खाऊचे डबे उघडलेसुद्धा.

"कबूल?"

"कबूल!"

ठक. ठक. तिसऱ्यांदा मी वर गेलो. तेवढ्यात सेकारने धावत येऊन माझ्याखालच्या ठोकळ्यावर हात ठेवला. मला थांबता आले नाही. मी तिच्या बोटांवर आदळलो.

"अगं वेडे! हात काढ!"

"नाही, पाक." तिने हात तिथेच दाबून धरला. "आठव्या मजल्यावर आई भट्टी कुठं लावणार? सोयाबीनची पिंपं कुठं ठेवणार? खाणार काय आम्ही?"

"मग मघाशी हसलीस का?"

"तुम्हाला नाही कसं म्हणू? गुरू आहात माझे."

बु रेतनो उसळल्या, "हुताबारात, ते हसू होकाराचं नव्हतं हो! इतकी वर्षं आमच्यात राहून एवढंही कळू नये?"

पाक हुताबारात मटकन बसले. मग आपल्या थंड चहातला बर्फ रुमालात बांधून त्यांनी तिच्या बोटांवर धरला. "सांग. सगळं सांग. आज मला कुठंही जायचं नाही."

तिसरा ठोका ठोकळ्यावर पडलाच नाही, म्हणून ठराव अडला. पुढची सभा वस्तीतच भरली, भट्टीच्या धुरात. मला कोणी नेले नाही. हल्ली तर प्रत्येकाला वेगळे विचारतात आणि मी कपाटात धूळ खातो. वाईट वाटते, खोटे कशाला बोलू?

पण मित्रांनो, मला पुसूनबिसून ठेवू नका. कधी उचलावे लागलेच, तर आधी गप्प बसलेल्या माणसाशेजारी जाऊन बसा आणि त्याला पुन्हा एकदा विचारा. सेकारची दोन बोटे अजून सरळ होत नाहीत.