कोर्चाच्या बाईंचं पुसलेलं गाणं

मला उचलायला दोन धट्टीकट्टी माणसं लागायची, मित्रांनो, आणि तरी जाहिरातीत मला 'सुटसुटीत' म्हटलेलं होतं! मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. १९५६ साली मी जर्मनीतल्या एका कारखान्यातून बाहेर पडलो आणि स्टुटगार्टच्या चढावरच्या एका लहानशा प्रोटेस्टंट मिशनमध्ये आलो. सुरुवातीला माझं भारी कौतुक झालं. लोक माझ्यातून स्वतःचा आवाज ऐकून लाजायचे, आणि तो वाईट निघाला की दोष मात्र मला द्यायचे.

खरं काम नंतर आलं. आल्बेनियातल्या कोर्चा गावात मिशनऱ्यांनी पूर्वी मुलींची शाळा चालवली होती. तिथे मुली आपल्याच भाषेत लिहायला-वाचायला शिकल्या. फ्रोसिनाबाई त्या शाळेत शिवण आणि गाणं शिकवायच्या. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या ग्रीसमार्गे आमच्या मिशनमध्ये आल्या. १९६७ मध्ये आल्बेनियाच्या सरकारने धर्मावरच बंदी घातली, चर्च आणि मशिदींना कुलपं लागली. तेव्हापासून बाईंची आल्बेनियन भजनं माझ्यावर भरली जाऊ लागली. ती टेप दूरच्या एका रेडिओ केंद्राकडे जायची, आणि तिथून गाणी थेट कोर्चातल्या घराघरांत.

पण बाईंचा धाकटा भाऊ कोस्ताक बायकामुलांसह अजून कोर्चातच होता. रेडिओवर गाणारी बाई त्याची बहीण आहे हे कळलं असतं, तर सगळं कुटुंब सक्तमजुरीच्या छावणीत गेलं असतं. म्हणून टेपवर बाईंचं नाव नसे. त्या आवाजही जाड काढून गायच्या. मला तो आवाज मुळीच आवडायचा नाही, पण मला विचारतो कोण!

माझी देखभाल श्रीनाथ करायचा. पुण्याहून डॉक्टरेटसाठी आलेला हा इंजिनिअर बायको मालिनीसह मिशनच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होता. नोव्हेंबरातल्या एका दुपारी मिशनचे धर्मगुरू पास्टर आयझेले नवी टेप घेऊन रेल्वे स्टेशनकडे निघाले. बाई खिडकीपाशी फाटकं उशीकव्हर शिवत बसल्या. श्रीनाथ माझी हेड्स, म्हणजे टेप जिथे घासत जाते ती टोकं, पुसू लागला आणि मालिनी म्हणाली, "अहो, टेप तपासताना मी ऐकलं. प्रत्येक गाण्याआधी टक-टक वाजतंय."

"हो, मीही ऐकलं. आल्झो, म्हणजे तो हाइट्सुंगचा, खोली तापवणारा पाइप असेल. थंडीत वाजतोच तो."

"बरा मेला तुमचा हाइट्सुंग गाण्याच्या आधीच वाजतो!" मालिनी हसली. मग तिने टेबलावर बोटाने टक-टक करून बाईंना मोडक्या जर्मनमध्ये विचारलं, हे काय होतं?

बाईंची सुई थांबली. मग त्यांनी सगळं सांगितलं. त्यांच्या बोटात धातूचं अंगुस्तान होतं, शिवताना टोचू नये म्हणून घालतात ते. शिवणाच्या तासानंतर लगेच गाण्याचा तास असायचा, आणि त्याच अंगुस्तानाने बाकावर ठोकून त्या मुलींना सूर धरायला लावायच्या. कोर्चातल्या कितीतरी बायका त्या आवाजावर वाढल्या होत्या. या वेळी गाणी भरताना बाईंनी तसंच ठोकलं होतं, आणि तो ठोका ओळखणाऱ्या बायकांतल्या एकीचा नवरा आता पोलीस अधिकारी होता.

हे ऐकताच श्रीनाथ कोटसुद्धा न घालता धावला.

मित्रांनो, मला पाय नाहीत याचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं. त्या दिवशी वाटलं. आम्ही तिघं नुसते वाट बघत राहिलो. खाली रस्त्यावर ट्राम थांबायची, निघून जायची, आणि दारात कुणीच यायचं नाही. बाई एकदाच बोलल्या, "ठोकतानाच मला धोका कळला होता, मालिनी. पण वाटलं, माझ्या मुलींना तरी कळू दे, बाई जिवंत आहेत. एवढीच हाव धरली, आणि कोस्ताकच्या मुलांचा विसर पडला."

मालिनीने बाईंचा हात हातात घेतला.

शेवटी जिन्यात पावलं वाजली. श्रीनाथ घामाघूम होता, मागे पास्टर धापा टाकत होते, आणि टेपचा डबा त्यांच्या छातीशी होता. गाडी सुटायच्या बेतात असताना श्रीनाथने त्यांना गाठलं होतं.

"एकदा ऐकू दे," बाई म्हणाल्या. मी ऐकवलं. मग त्यांनी अंगुस्तान काढून मालिनीला दिलं आणि गायला उभ्या राहिल्या. ठोक्याशिवाय त्यांना सुरुवातच जमेना. आवाज उमटायचा आणि तुटायचा. तेव्हा श्रीनाथने समोर उभं राहून, आवाज न करता, हातानेच ठेका धरला. बाई गायल्या. जुनं खोडत जायचं आणि त्यावर नवं भरायचं, अशी माझी रचनाच आहे. मी ती टक-टक खोडली. मला फार वाईट वाटलं.

पुढच्या वर्षी ग्रीसहून आलेल्या एका नातेवाइकाने निरोप सांगितला. कोस्ताक घरीच होता, मुलं शाळेत जात होती. बाई मालिनीला बिलगून रडल्या. त्यांच्या शाळेतल्या मुलींना मात्र काहीच कळलं नाही.

आता मी तळघरात आहे, माझे पट्टे सैल झालेत. आम्हा जुन्या यंत्रांवरची धूळ अधूनमधून झटकत जा, मित्रांनो. आणि आपल्या माणसाला जपण्यासाठी मनातली एखादी मोठी इच्छा गिळावी लागली, तर गिळा. ते किती कठीण असतं, हे मी बाईंच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे. तरीही त्या गायल्या.